हिरव्या खात्याची नावे बाजू

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आमचा जुना दीड टनी एसी भिंतीवरून उतरवायला दोन मुले घरी आली होती. उन्हातून आलेली म्हणून मी पन्ह्याचे पेले घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा त्यांतल्या एकाने बाहेरच्या यंत्राच्या नळीचा नट पान्याने नुकताच सैल केला होता आणि कुकरची शिटी नीट न बसता वाफ निसटत राहावी तसा एक लांबलचक ‘फुस्स’ आवाज येत होता. मी विचारले, “काय सुटलं रे?” तो म्हणाला, “काही नाही काकू, जुना गॅस आहे. जाऊ द्या हवेत.” मी जाऊ दिला. मिनिटभरात आवाज थांबला, मुले पन्हे पिऊन निघून गेली आणि खाली भिंतीवर पाच तारे चिकटवलेला नवा एसी लागला. त्या रात्री मी अत्यंत समाधानाने झोपले, कारण आपण पर्यावरणासाठी काहीतरी केले अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

माझी नोकरी बँकेच्या लेखा विभागात झाली. निवृत्तीनंतर सवय सुटलेली नाही, त्यामुळे घरखर्चाची वही मी अजून दोन बाजूंनी लिहिते. त्या वहीत नव्या एसीची नोंद आहे: किंमत ४२,००० रुपये, जुन्याबद्दल वजा ४,०००. खाली पेन्सिलीने केलेला हिशेब आहे. एप्रिलच्या सुरुवातीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत साधारण ७५ रात्री एसी चालतो. जुना रात्रीला साडेसात युनिट खात असे, नवा चार खातो. म्हणजे हंगामाला सुमारे २६० युनिटांची बचत. उन्हाळ्यात आमचे बिल ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जाते, तो दर धरला तर वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास रुपये वाचतात, आणि अकरा वर्षांत पैसे वसूल होतात. अकरा वर्षे हा यंत्राचे आयुष्य संपत येण्याचा काळ आहे, हे तेव्हाही मला दिसत होते. पण ‘पैशाचे जाऊ द्या, हवेचे तर भले झाले’ असे म्हणून मी ती नोंद मिटवली होती.

हवेचे काय झाले ते मी पुढच्या वर्षी शोधले. शोधण्याचे कारण क्षुल्लक होते: शेजारच्या घरी एसी दुरुस्त करायला आलेल्या एका वयस्क मेकॅनिकने गॅस सोडून न देता तो बाहेरच्या यंत्रात ओढून बंद करून ठेवला, आणि मला तो आवाज आठवला. आमचा एसी २०१० सालचा होता. त्या काळातल्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-२२ नावाचा वायू असे, आणि आमच्या यंत्राच्या पत्र्यावरही तेच लिहिलेले होते; उतरवण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रात ते अजून वाचता येते. हा वायू ओझोनच्या थराला अपाय करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, इतके मला ऐकून ठाऊक होते. तो हवेत गेल्यावर शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे १,८०० पट उष्णता धरून ठेवतो, हे मात्र ठाऊक नव्हते. दीड टनी यंत्रात असा वायू साधारण सव्वा किलोच्या आत असतो; १.२ किलो धरला तरी तो २,१६० किलो कर्बवायूच्या बरोबरीचा होतो. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो कर्बवायू सुटतो. माझ्या २६० युनिटांच्या बचतीने वर्षाला १८२ किलो वाचत होते. भागाकार कोणीही करावा: बारा वर्षे. म्हणजे नवा एसी बारा उन्हाळे निष्ठेने चालला, तर गच्चीवरच्या त्या एका मिनिटाची फेड होईल, आणि नवा एसी घडवताना वितळलेले तांबे, ॲल्युमिनियम आणि पत्रा यांचा खर्च त्यानंतरही शिल्लक राहील.

यातला दोष मी त्या मुलावर टाकत नाही. त्याला वायू सिलिंडरमध्ये भरून परत नेण्याचे साधन कोणी दिले नव्हते, आणि त्या वायूची किंमत कोणी मोजणार नव्हते. मी मोजणारी होते, आणि मीच विचारले नाही. एसीचे तारे कसे मोजतात हे दुकानात मला पाऊण तास समजावून सांगण्यात आले. जुन्याचे पुढे काय होणार, याबद्दल दोन वाक्येही कोणी बोलले नाही. उतरवलेले यंत्र भंगारात गेले की रंगरंगोटी होऊन एखाद्या लॉजच्या खोलीत लागले, हेही मला माहीत नाही. दुसरे झाले असेल तर जुन्या साडेसात युनिटांची रात्र अजून सुरूच आहे, फक्त तिचे बिल दुसऱ्याच्या नावावर निघते.

आता कोणी म्हणेल, मग कूलरच बरा होता. नागपूरकराला हे मनापासून वाटते, मलाही वाटते, म्हणून या प्रश्नावर जरा थांबते. माझ्या सासूबाई लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आल्या तेव्हा खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधत आणि दुपारभर कोणीतरी त्यांवर पाणी शिंपडत बसे. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा त्याच असत. पुढे लोखंडी कूलर आला. ताट्या हा शब्द मात्र राहिला, आणि आजही होळीनंतर ‘कूलरच्या ताट्या बदलून द्या’ असे सांगायला आम्ही कारागिराला फोन करतो. कोरड्या उन्हाळ्याला याच्याइतके सुंदर उत्तर नाही. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता शोषून घेते. मोठा कूलर तासाला आठ लिटर पाणी उडवत असेल, तर तो जवळजवळ दीड टनी एसीइतके काम करतो आणि पंखा व टिल्लू पंप मिळून वीज घेतो जेमतेम दोनशे वॉट. ४५ अंशांच्या कोरड्या हवेतले हे गणित इतके देखणे आहे की ते मांडल्यावर एसी घेतल्याची लाज वाटते.

परंतु आठ लिटर तासाला म्हणजे दहा तासांच्या रात्रीला ऐंशी लिटर, आणि सत्तर रात्रींना साडेपाच हजारांवर लिटर. एक लहान टँकरच आम्ही दर उन्हाळ्यात खिडकीतून उडवून देत होतो. हे पाणी नळाचे, म्हणजे पेंचच्या धरणांतून किंवा कन्हान नदीतून उचललेले, शुद्ध केलेले, पिण्याचे. ते उडते नेमके त्या दिवसांत, जेव्हा धरणाची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येते. एसीला पाणी लागत नाही असे आपण समजतो, तेही खरे नाही. त्याचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला लागते. औष्णिक केंद्रात वाफ थंड करण्यासाठी पाणी खर्च होते, आणि २०१५ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या केंद्रांना एका युनिटामागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. माझ्या चार युनिटांच्या रात्रीला त्या हिशेबाने जास्तीत जास्त चौदा लिटर लागतील. शिवाय कोराडी आणि खापरखेड्याच्या केंद्रांना भांडेवाडीत शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी पुरवले जाते. तेव्हा एसीच्या बाजूला चौदा लिटर, त्यांतले काही सांडपाण्याचे, आणि कूलरच्या बाजूला ऐंशी लिटर पिण्याचे, असा हा तराजू आहे. हे आकडे समोरासमोर मांडले तेव्हा मला थोडा वेळ काहीच सुचले नाही. कूलरची वीज रात्रीला दोन युनिट, एसीची चार. पाण्यात मात्र कूलर सहापट महाग. पाणी वाचवायचे की कोळसा, हा प्रश्न ‘ऊर्जा वाचवा’ असे लिहिलेल्या फलकावर कुठेच नसतो.

आणि कोळसा म्हणजे फक्त धूर नव्हे. कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला जाताना ती धुराडी आम्हा सर्वांना दिसतात. ६६० मेगावॅटचे तीन संच तिथे आहेत, आणि जवळच खापरखेड्याचे १,३४० मेगावॅटचे केंद्र आहे. आपल्या कोळशात राख फार, तीस ते चाळीस टक्के. एका युनिटाला साधारण दोन तृतीयांश किलो कोळसा जळतो, म्हणजे प्रत्येक युनिटामागे पाव किलोच्या आसपास राख उरते. मी चार युनिटांत निवांत झोपते तेव्हा नागपूरच्या उत्तरेला कोणाच्या तरी शेताजवळच्या राखेच्या तलावात एक किलो राख वाढते. वाऱ्याच्या दिवसांत ती कुठे जाते, हे त्या भागातल्या गावकऱ्यांना विचारावे. विजेचे बिल माझ्या घरी येते, राखेचे त्यांच्या घरी. आणि त्यांच्या घरची धुळीने मळलेली वाळवण कुठल्याच बिलात दिसत नाही. म्हणून बचत करावी हे मला मान्यच आहे. माझा आक्षेप बचतीला नाही. बचत फुकट होते, या समजुतीला आहे.

फुकट समजल्याचे परिणाम आम्ही घरातच पाहिले. २००५ च्या सुमारास आम्ही पिवळे बल्ब काढून पिळाचे सीएफएल लावले आणि त्यांत पारा असतो हे न जाणता बंद पडलेले सगळे कचऱ्याच्या गाडीत टाकले. २०१५ मध्ये उजाला योजना आली तेव्हा त्यांच्या जागी नऊ वॉटचे एलईडी लावले. तोवर माझे यजमान ‘दिवा कोणी चालू ठेवला?’ असे ओरडत घरभर फिरत. नंतर त्यांचे ओरडणेच बंद झाले, कारण नऊ वॉटसाठी कोण ओरडणार? अंगणात दोन, फाटकावर दोन, देवघरात माळ, जिन्यात एक असे दिवे वाढत गेले. पंखे ब्रशलेस मोटरचे घेतले, जुने पंच्याहत्तर वॉट घेत असत, हे तीस घेतात. आता रिकाम्या खोलीतही ते फिरत असतात. इंग्लंडमध्ये जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवले होते की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली, म्हणून कोळसा वाचला नाही, उलट अधिक जळला, कारण यंत्र स्वस्त पडू लागले. आमचे बिल मात्र कमी झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. अपेक्षेइतके झाले नाही, एवढेच.

आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या ताईंचे घर पत्र्याचे आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी एकदा त्यांना सोडायला गेले होते, तेव्हा आत शिरताच भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ लागली. त्यांच्याकडे एक छोटा प्लॅस्टिकचा कूलर आहे आणि महिन्याचे बिल शंभर युनिटांच्या आत ठेवण्यासाठी तो केवळ रात्री, मुले झोपेपर्यंत चालतो. पाणी सार्वजनिक नळावरून बादलीने येते, म्हणून कूलरमध्ये किती टाकायचे हे आधी ठरते. दरडोई विजेचा हिशेब काढला तर त्या आमच्या रस्त्यावरच्या सर्वांत हिरव्या नागरिक ठरतील, आणि कोणी त्यांना तसे प्रमाणपत्र दिले तर त्या ते पत्र्याच्या फटीत वारा अडवायला लावतील. बचतीचा सर्वांत मोठा वाटा आपल्या देशात असाच, नाइलाजाने, उचलला जातो. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या पत्र्यावर आम्ही पांढरा चुना आणि फेव्हिकॉल मिसळून दोन हात दिले. सगळा मिळून खर्च नऊशे रुपये आला. दुपारी आतले तापमान तीन अंशांनी कमी भरले. माझ्या घरातलाच साधा तापमापक होता, तेव्हा अर्धा अंश इकडेतिकडे धरावा. पाऊस पडल्यावर निम्मा चुना धुऊन गेला आणि पुन्हा लावावा लागणार आहे. तरीही माझ्या वहीतली सर्वांत स्वस्त नोंद तीच आहे, आणि ती माझ्या घराची नाही.

घरातल्या घरातही हा भार सारखा वाटला जात नाही, हे लिहायला मला थोडा संकोच वाटतो, पण लिहिते. डाळ भिजवून मग शिजवावी, गिझरऐवजी गच्चीवर उन्हात तापलेले पाणी उतरवून आणावे, कपडे यंत्रात सुकवू नयेत, कूलरची टाकी आठवड्याला घासून कोरडी करावी म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत: या प्रत्येक सल्ल्यामागे एक क्रियापद आहे आणि त्या क्रियापदाचा कर्ता बहुतेक घरांत बाईच असते. एसीचे तापमान २४ वर ठेवावे ही सूचना मात्र रिमोटच्या एका बटणाने पाळता येते, आणि ती पाळल्याचे श्रेय घरातले पुरुष मोठ्या आवाजात घेतात. माझ्या यजमानांनी हा परिच्छेद वाचला आणि गेल्या रविवारी टाकी घासली; तेव्हा ही नोंद तेवढ्यापुरती दुरुस्त समजावी.

सौरऊर्जेचा विचार आम्ही गेल्या वर्षी केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पाहणीला आलेल्या तरुणाने गच्ची मोजली, किलोवॉटला शंभर चौरस फूट लागतात असे सांगितले, आणि पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाला, “तीन किलोवॉट बसतील, पण हे झाड उतरवावं लागेल.” ते झाड कडूनिंबाचे, सासऱ्यांनी प्रतापनगरचे हे घर बांधले त्या वर्षी लावलेले, आणि आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन पडत नाही ते केवळ त्याच्यामुळे. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही, हे मी त्याला सांगितले, तो म्हणाला, “परवानगी काढून देतो काकू.” हिरव्या विजेसाठी हिरवे झाड तोडण्याची परवानगी ही माझ्या लेखाकर्माच्या कारकिर्दीत न पाहिलेली नोंद होती. शेवटी पूर्वेच्या अर्ध्या गच्चीवर दोनच किलोवॉट बसवले. सव्वा लाखातले साठ हजार अनुदानाने परत आले.

त्यातून दिवसाला सरासरी आठ युनिट मिळतात आणि ते मला आवडते, हे लपवत नाही. पण तिथेही शिकावे लागले. या सौरपट्ट्यांची क्षमता २५ अंश तापमानावर मोजलेली असते, आणि त्याहून वर दर अंशाला त्यांची शक्ती पाऊण टक्क्याच्या निम्म्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी पट्टी ६५ अंशांवर जाते तेव्हा पंधरा टक्के असेच वितळून जातात. ज्या उन्हाला आम्ही सोने समजत होतो ते उन्हाळ्यात थोडे पितळ निघाले. धूळ धुवायला पंधरा दिवसांनी दोन बादल्या पाणी जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेट मीटरिंग. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, रात्री तितकी परत मिळते, आणि बिल जवळजवळ शून्यावर येते. मात्र रात्री अकराला माझा एसी ज्या विजेवर चालतो ती सूर्याची नसते, ती कोराडीची असते. बिलात फिटलेला कोळसा भट्टीत फिटलेला नसतो. शिवाय वरच्या टप्प्याचा दर भरणारी माझ्यासारखी गिऱ्हाइके अशी बाहेर पडत गेली, तर तारा, खांब, रोहित्रे आणि रात्रीच्या संचांचा खर्च कोणावर पडणार? ज्यांना स्वतःची गच्ची नाही त्यांच्यावर: भाडेकरूंवर, फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांवर, पत्र्याच्या घरांवर. हे लिहूनही मी त्या पट्ट्या काढणार नाही. दिवसा पंप, इस्त्री आणि धुण्याचे यंत्र चालवायचे, एवढी शिस्त मात्र लावून घेतली आहे, म्हणजे निदान ती वीज सूर्याची असते.

साडेतीनच्या सुमारास कडूनिंबाची सावली शेवटच्या पट्टीवर चढते. सगळ्या पट्ट्या एका साखळीत जोडलेल्या असल्याने एकीवर सावली आली की सर्वांचा आकडा उतरतो. फोनवर तो उतरताना पाहून यजमान हळहळतात. त्याच वेळी खाली पश्चिमेच्या ओट्यावर सासूबाई खुर्ची घेऊन बसलेल्या असतात, कारण तिथे तेव्हा पंख्यावाचून बसता येते. त्या झाडाची किंमत मी वहीत तीनदा लिहून तीनदा खोडली.

या उन्हाळ्यात २००४ सालचा फ्रिज बंद पडला. या वेळी मी आधीच विचारले. दुकानदार म्हणाला, “जुना आमच्याकडे द्या, आम्ही नेऊन तोडतो.” गॅसचे काय, यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी फ्रिजमधल्या बर्फाचे काय असे विचारले होते. भंगारवाल्याने कॉम्प्रेसरचे तांबे तोलून भाव सांगितला. इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या एका ठिकाणी फोन केला, तर तिथला माणूस सौजन्याने बोलला, पण गॅस काढून घेणारे यंत्र कोणत्या दिवशी असेल हे त्याला सांगता आले नाही. “पुढच्या आठवड्यात करा” असे तो तीनदा म्हणाला. आतला वायू आर-१३४ए, फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. पण तोही कर्बवायूच्या चौदाशे पट, म्हणजे दोनशेहून अधिक युनिटांच्या मोलाचा. तेव्हा तो फ्रिज सध्या मागच्या अंगणात, नळी न कापता, उभा आहे. सासूबाईंनी त्यात गोधड्या ठेवल्या आहेत. कसर लागत नाही म्हणतात.